स्थावरातून जंगमात : आपल्या स्वयंपाकघरांची गोष्ट

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असं संपादक मंडळानं सांगितलं. जागेची खरेदी, कन्व्हेयन्स, बोअरवेल, लिफ्ट आणि पार्किंगची भांडणं हे सगळं माजी सचिवांच्या लेखात येणारच आहे. मी अकरा वर्षं खजिनदार होतो. त्या काळात नूतनीकरणाचे जे अर्ज माझ्या हातून गेले, त्यांत निम्म्याहून जास्त अर्जांत एकच वाक्य असायचं : 'ओटा तोडून मॉड्युलर किचन करणे.' म्हणजे आपल्या इमारतीत पंचवीस वर्षांत सर्वांत जास्त हातोडा कुठं चालला असेल, तर तो स्वयंपाकघरात. म्हणून म्हटलं, आपण त्याचाच इतिहास लिहू. आणि त्याला निमित्त आहे आमच्या घरातलं सेकंडहँड स्वयंपाकघर, ज्याबद्दल बऱ्याच सभासदांनी मला जिन्यात गाठून विचारलं आहे.

आपल्यापैकी बरेच जण पेठांतल्या वाड्यांतून किंवा चाळींतून इकडे कोथरूडला आले. वाड्यातलं स्वयंपाकघर आठवून बघा. मातीची चूल, शेजारी तिचा वैल, भिंतीत कोनाडा, त्याच भिंतीत फडताळ, कोपऱ्यात उतरंड, वर शिंकाळं. हलवता येण्यासारखं म्हणजे भांड्यांची मांडणी, पाटा-वरवंटा आणि जाळीचं दुभत्याचं कपाट. मुंग्या चढू नयेत म्हणून त्या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले. बाकी सगळं भिंतीचं आणि जमिनीचं. चूल तर घरच्या बाईनं स्वतःच्या हातानं घातलेली आणि रोज सारवलेली असायची. बिऱ्हाड बदललं की भांडी पोत्यात भरून नेत. चूल मात्र तिथंच राहायची, नव्या जागी नवी घालायची.

आम्हा बँकवाल्यांना तारणाचे कागद करताना पहिला प्रश्न पडतो तो स्थावर की जंगम. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात याचा विचार आहे. जे जमिनीत रुजलेलं किंवा भिंतीसारखं जमिनीत रोवलेलं आहे, आणि जे अशा वस्तूला तिच्या कायमच्या उपभोगासाठी जोडलेलं आहे, ते जमिनीशी जोडलेलं समजायचं, असा त्याचा ढोबळ अर्थ. या हिशेबानं आपलं जुनं स्वयंपाकघर पक्कं स्थावर. ते विकता येत नव्हतं, विकायचं तर घरासकट.

याउलट, लाकूड मात्र पुण्यात कायम हिंडतं राहिलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पडले. पुढे वाडे पाडून इमारती उभ्या करण्याची लाट आली. वाड्याचे खांब, तुळया, दारांच्या चौकटी हा सगळा सागवानी माल विकला जाई आणि नव्या घरात पलंग, टेबल, दरवाजा होऊन बसे. 'जुन्या वाड्याचं सागवान आहे' हे लोक अभिमानानं सांगत, अजूनही सांगतात. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी चक्कर टाकून बिजागऱ्या, कड्या, पितळी मुठी आणणारे आपल्यातही आहेत. जुने कपडे बोहारणीला देऊन स्टीलची पातेली घेतली नाहीत असं घर आपल्या पिढीत सापडणार नाही. जुनं पितळ मोडीत घालून नवा बंब घेतला, तर त्या बंबात कुणाकुणाच्या घरची भांडी वितळलेली असतील, ते कोण सांगणार!

मग जुनं लाकूड चालतं, जुनं पितळ चालतं, तर जुनं स्वयंपाकघर म्हटलं की आपण का अडखळतो? मला वाटतं, त्याचं उत्तर चुलीत आहे. चूल ही वस्तू नव्हती, जागा होती. तिथलं सोवळं-ओवळं त्या जागेला चिकटलेलं होतं. आज घरात चूल नाही, सोवळंही फारसं कुठं उरलेलं नाही, पण मनातली चूल अजून स्थावरच आहे.

स्वयंपाकघर बसल्याचं उभं झालं ते आधी स्टोव्हमुळे आणि मग गॅसमुळे. १९५५ च्या सुमारास बर्मा-शेलनं मुंबईत सिलेंडरमधला गॅस आणला. इंडेनचं पहिलं कनेक्शन १९६५ मध्ये कलकत्त्याला दिलं गेलं. सिलेंडर जमिनीवर आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंच, अशी मांडणी आली आणि कडाप्प्याच्या ओट्याची सोय झाली. आमच्या आईला उभ्यानं स्वयंपाक करायची सवय व्हायला वर्ष लागलं. पण एकदा सवय झाल्यावर 'गुडघे सुटले बाई' असं ती म्हणायची. ओटा आला तरी स्वयंपाकघर स्थावरच राहिलं, कारण ओटा भिंतीत घुसवलेला. आपल्या २००० सालच्या करारनाम्याच्या परिशिष्टात पाहा : 'ग्रॅनाइटचा ओटा, स्टेनलेस स्टीलचं सिंक, ओट्यावर दोन फूट ग्लेझ्ड टाइल्स.' ओट्याखाली कडाप्प्याच्या उभ्या फरश्या होत्या आणि त्या दोन फरश्यांमध्ये जे काय करायचं ते ज्याचं त्यानं करायचं.

तिकडे युरोपात रस्ता वेगळा होता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची भयंकर टंचाई होती. फ्रँकफुर्ट नगरपालिकेनं कामगारांसाठी वसाहती बांधायला घेतल्या आणि त्यांतल्या स्वयंपाकघराचं काम मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंकडे दिलं. १९२६ चं साल. त्यांनी आगगाडीच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवलं. एवढ्याशा जागेत माणसं शंभर जेवणं काढतात, मग घरात बाईनं दिवसभर पायपीट का करायची? सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब खोली. एका बाजूला ओटा, कपाटं आणि डाळी-साखरेचे ॲल्युमिनियमचे खण. पिठाचे खण मात्र ओक लाकडाचे, कारण त्यात कीड लागत नाही. ही सगळी कपाटं कारखान्यात तयार होऊन इमारतीत येत आणि बसवली जात. अशी सुमारे १० हजार स्वयंपाकघरं त्या शहरात बसली. आज जगभर ज्याला मॉड्युलर म्हणतात त्याचं हे मूळ. या बाई जवळजवळ १०३ वर्षं जगल्या आणि जानेवारी २००० मध्ये, म्हणजे आपण किल्ल्या घेतल्या त्याच वर्षी गेल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन कारखानदारांनी या कपाटांना एक माप दिलं. कपाटाच्या आतल्या बाजूला एका ओळीत भोकं असतात, ती तुम्ही पाहिली असतील. दोन भोकांमधलं अंतर ३२ मिलिमीटर. फळी, बिजागरी, ड्रॉवरचा चॅनेल सगळं त्याच मापात बसतं. दाराच्या आत बसणाऱ्या बिजागरीच्या वाटीसाठी ३५ मिलिमीटरचं भोक. कपाटाची रुंदीही ठरावीक, बरेचदा ६००. मग बिजागरी ऑस्ट्रियातल्या ब्लुमची असो की जर्मनीतल्या हेटिकची, बदलताना फारशी अडचण येत नाही. या तीन आकड्यांनी स्वयंपाकघराचं खातं बदललं. ते स्थावरातून जंगमात आलं. आता ते खोक्यांचं बनलेलं होतं. खोकं स्क्रूनं उघडतं, उचलून नेता येतं आणि दुसऱ्या भिंतीला लावता येतं. म्हणजेच ते विकता येतं.

गंमत म्हणजे फ्रँकफुर्टच्या लोकांनाही हे लगेच उमगलं नाही. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत नवी झगमगीत स्वयंपाकघरं परवडू लागली, तशी जुनी उखडून कचऱ्यात गेली. पुढे त्यातलंच एक वाचलेलं स्वयंपाकघर न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं मिळवलं आणि २०१० च्या प्रदर्शनात लोकांना दाखवलं. काल भंगार, आज संग्रहालयात!

आपल्याकडे मॉड्युलर आलं ते आधी ट्रॉल्यांच्या रूपात. आपल्या इमारतीत पहिली दहा वर्षं कडाप्प्याच्या फरश्या तशाच ठेवून मध्ये स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या बसवायची पद्धत होती. दारं सनमायका लावलेल्या प्लायवूडची. याच सुमारास प्लायवूडच्या धंद्यातही मोठी उलथापालथ झाली होती. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन खटल्यात आदेश दिला आणि ईशान्येकडच्या राज्यांतून बाहेर येणारं लाकूड थांबलं. आसाम-अरुणाचलातल्या गिरण्यांची कुलुपं लागली. पुढे हरियाणातलं यमुनानगर आणि तिथलं शेतात वाढवलेलं पॉप्लर यांचं राज्य आलं. शिवाय भुशाचा दाबलेला बोर्ड स्वस्तात मिळू लागला. बाहेरून सनमायका सारखाच, पण आत काय आहे ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. आज आपल्याकडे सिंकखालची जी कपाटं पाच-सात वर्षांत फुगून येतात, ती बहुतेक या बोर्डाची. पाणी लागलं की तो बिस्किटासारखा सुजतो. उलट आय.एस. ७१० चा शिक्का असलेलं चांगलं प्लायवूड ओलाव्यात वर्षानुवर्षं टिकतं. सेकंडहँड घेताना सगळा फरक पडतो तो इथं. हलका माल पहिल्यांदा उतरवतानाच मोडतो, कारण त्यातून एकदा काढलेला स्क्रू पुन्हा धरत नाही. चांगला माल दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही बसतो. म्हणून सेकंडहँड घ्यायचं तर भारीतलंच घ्यावं. हलकं घ्यायचं असेल तर नवंच बरं.

मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो तेव्हा 'रिस्टोर' नावाच्या दुकानात तिनं नेलं. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेची ही दुकानं. पहिलं दुकान १९९१ साली कॅनडातल्या विनिपेगला निघालं. लोकांनी दान केलेली दारं, फरश्या, सिंक आणि अख्खीच्या अख्खी स्वयंपाकघरं तिथं मांडलेली असतात आणि विक्रीचे पैसे गरिबांच्या घरबांधणीला जातात. ही संस्था आपल्याला परकी नाही. २००६ मध्ये जिमी कार्टर याच संस्थेच्या स्वयंसेवकांबरोबर लोणावळ्याजवळ मळवलीला आले होते आणि तिथं शंभर घरं बांधली गेली.

श्रीमंत माणसं लाखमोलाचं स्वयंपाकघर दान का करतात, हा प्रश्न मी तिथल्या काउंटरवरच्या बाईंना विचारला. उत्तर बँकेतल्या माणसाला पटेल असंच होतं : आयकर. तिथं वस्तूच्या बाजारभावाइतकी वजावट मिळू शकते. दानाची किंमत पाच हजार डॉलरच्या वर गेली की तज्ज्ञाकडून मूल्यांकन करून घ्यावं लागतं. त्यामुळे जुनं स्वयंपाकघर हातोड्यानं न फोडता स्क्रू काढून उतरवण्यात मालकाचाच फायदा. आपल्याकडे आयकरात वस्तुरूप दानाला वजावट नाही, पैशालाच आहे. त्यामुळे आपल्याकडे जुनं स्वयंपाकघर एक तर भंगारवाल्याकडे जातं नाही तर गोण्यांत भरून राडारोड्याच्या टेम्पोत.

आता आमची गोष्ट. २०१९ च्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावर गळती सुरू झाली. आमच्या ओट्यामागची लोखंडी पाइपलाइन गंजली होती. ओटा तोडण्यावाचून इलाज नव्हता. नव्या मॉड्युलरचं कोटेशन आलं साडेसहा लाख, तेही भुशाच्या बोर्डाचं. पेन्शनमधून एवढी रक्कम काढायची म्हणजे औषधपाण्याच्या ठेवीला हात लावणं आलं. त्याच महिन्यात ओळखीच्या मिस्त्रीनं सांगितलं, "साहेब, बाणेरच्या टॉवरमध्ये एक जर्मन किचन निघणार आहे. घर विकलंय, नवीन मालकाला ते नकोय. पंधरा दिवसांत काढून न्यायचंय."

घरात सांगितलं तर दोन हरकती निघाल्या. पहिली आमच्या आत्याची. वय ८८. "कुणाच्या घरचं, तिथं काय काय शिजलेलं, कोण जाणे." मी म्हटलं, "आत्या, जुन्या धर्मशास्त्रातसुद्धा मातीचं भांडं पुन्हा भाजून आणि लाकूड तासून शुद्ध होतं असं सांगितलंय." आत्या म्हणाली, "मग तासून आण!" दुसरी हरकत सौ.ची, आणि ती जास्त खरी होती. "अहो, सोवळ्याचं सोडा. पण ते दुसऱ्या बाईचं स्वयंपाकघर आहे. तिच्या उंचीचं, तिच्या हाताच्या सवयीचं. त्यात मी पाहुणी असेन." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "तू चल, बघ आणि नको म्हण. तुझं नको ते शेवटचं."

गेलो. तारणाची पाहणी करतात तशी मी पाहणी केली. सर्वांत आधी सिंकखालचं कपाट, कारण खोटं तिथं लपत नाही. कडा फुगलेल्या नव्हत्या, वास नव्हता. सगळे ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढून सोडले, ते आपले आपण हळू मिटले. कपाटांच्या पाठी टॉर्चनं पाहिल्या. वाळवीची माती नाही, झुरळांची अंडी नाहीत. मग किमतीचं बोलणं. आयकरात फर्निचरवर दर वर्षी उरलेल्या किमतीच्या १० टक्के घसारा धरतात. त्या हिशेबानं दहा वर्षांनी मूळ किमतीच्या सुमारे ३५ टक्के उरतात. पण बाजार पुस्तकाप्रमाणे चालत नाही. दुसऱ्याच्या खोलीच्या मापाची वस्तू आणि काढून न्यायला पंधरा दिवस, याला आम्ही बँकेत 'डिस्ट्रेस सेल' म्हणायचो. विकणारे गृहस्थ माझ्याच वयाचे होते. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेलेली, मुलाकडे बंगलोरला राहायला निघालेले. त्यांनी १ लाख ६० हजार सांगितले. मी घासाघीस केली नाही.

मी हे आकडे जुळवत होतो तेव्हा सौ. एका दाराच्या आतल्या बाजूला बघत उभी होती. तिथं पेन्सिलीनं तारखांची ओळ होती. सिलेंडर लावल्याच्या तारखा. आपल्याकडेही कॅलेंडरवर किंवा दारामागे अशाच लिहितात. इमारतीत पाइप गॅस आला आणि ओळ थांबली. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "त्या बाई हिशेबी होत्या. सिलेंडर चाळीस दिवस पुरवायच्या." थोड्या वेळानं म्हणाली, "ओट्याची उंची तेवढी बघा."

उंचीचं असं होतं की युरोपी पद्धतीनं तो ओटा ३६ इंचांच्या आसपास होता आणि सौ.ची उंची पाच फूट. पण ही कपाटं ७२० मिलिमीटरची असतात आणि खाली फिरवून कमी-जास्त करता येणाऱ्या पायांवर उभी असतात. मिस्त्रीनं पाय १०० मिलिमीटरवर आणले, वर २० मिलिमीटरचा ग्रॅनाइट टाकला. झाले ८४०, म्हणजे ३३ इंच. खोलीच्या मापात एक कपाट जास्त झालं, ते बाल्कनीत हत्यारांसाठी लावलं. नळजोड, फरशी, ग्रॅनाइट, वाहतूक, मजुरी मिळून आणखी १ लाख १० हजार. एकूण २ लाख ७० हजार. ठेव शाबूत राहिली. सहा वर्षं झाली, एक बिजागरी बदलावी लागली. आत्या पुढच्या दिवाळीत आली तेव्हा ड्रॉवर तीनदा उघडून मिटून बघितला आणि त्याच ओट्यावर चकल्या केल्या. तासण्याचा विषय निघाला नाही. तारखांची ओळ सौ.नं पुसू दिलेली नाही. स्वयंपाकघर जंगम झालं तरी त्यात राबलेला हात त्याच्याबरोबर येतो, आणि त्याचा मान ठेवला की पाहुणेपण संपतं, असं तिचं म्हणणं.

आता येत्या दोन-तीन वर्षांत सगळ्या इमारतीची पाइपलाइन बदलायची आहे. म्हणजे ओटे पुन्हा तुटणार. माझी कमिटीला एवढीच विनंती आहे. नूतनीकरणाच्या अर्जात एक रकाना वाढवावा : 'काढून टाकायच्या वस्तू.' काम सुरू होण्याआधी पंधरा दिवस ती यादी नोटीस बोर्डावर लावावी. आपल्यातल्या कुणाला हवं असेल तर त्यानं घ्यावं. नाहीतर वॉचमन, घरकामाला येणाऱ्या मावशी, मिस्त्री यांना विचारावं. ज्यांच्या स्वयंपाकघरात अजून फळीच नाही अशी घरं आपल्या गेटपासून फार लांब नाहीत. आणि कारागिराला सांगावं, आधी स्क्रू, मग हातोडा.

आपल्या २००० सालच्या ओट्यांचा ग्रॅनाइटसुद्धा चांगला आहे, बरं का. कापून घेतला तर बाकाला होतो. खालच्या बागेतल्या ज्या बाकावर आपण संध्याकाळी बसतो, तो आमच्याच ओट्याचा आहे.